आधी बाटलीची चौकशी, मग परीक्षण

मागच्या अंकात घरी बसून क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरींची बिअर, चाखण्याबद्दल लिहिलं, त्यावर बाणकोटपासून बांद्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. काहींनी 'या वयात हे काय' असंही कळवलंय, त्यांना नमस्कार. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की माझी उभी नोकरी रत्नागिरीत आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. सकाळी बॅचचे नमुने हुंगायचे, चाखायचे, थुंकायचे आणि वहीत लिहायचं. बिअरकडेही मी त्याच सवयीने बघते.

प्रश्न : मुलगा पुण्याला असतो. येताना चार-पाच वेगवेगळ्या क्राफ्ट बिअरचे कॅन आणतो आणि घरातले आम्ही चौघं बसतो. तो फोनवर 'साडेतीन स्टार' टाकून मोकळा होतो. मला मात्र 'कडू आहे' यापलीकडे काही सुचत नाही. नीट चाखायची कशी? – वि. प., दापोली

'कडू आहे' हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. कडूपणा जिभेला कळतो. गोड, आंबट, खारट आणि रश्शातली ती भरीव चव झाली की जिभेची धाव संपली. केळं, लवंग, संत्र्याची साल, भाजलेली कॉफी ही सगळी नाकाची खाती. सर्दी झाली की फणसाचा गरा नुसता गोड लागतो, तो का, ते आठवा.

म्हणून घोट घ्यायच्या आधी हुंगा. ग्लास अर्धाच भरा, वरची जागा वासाला सोडा. हलकेच फिरवून दोन आखूड श्वास घ्या आणि पहिलं जे आठवेल ते कागदावर लिहा. बोलायचं मात्र नाही. चौघांत एकाने 'लिंबू' म्हटलं की उरलेल्या तिघांना लिंबूच यायला लागतं. आमच्याकडे चाखणाऱ्यांचं पॅनेल बसलं की तोंड बंद, आणि वाट्यांवर नावाऐवजी तीन आकडी नंबर. तुमच्याकडेही मुलाला आत स्वयंपाकघरात ओतू द्या आणि कॅन तिथेच ओट्यावर राहू द्यात. 'आंबा-पेरूचा दरवळ' असं छापलेलं एकदा वाचलं की नाक फार आज्ञाधारक होतं.

आता थंडपणाचं. फ्रीजमधून काढलेली बिअर साधारण ४ अंशांवर असते. हलक्या लागरला, म्हणजे नेहमीच्या सोनेरी बिअरला, ते ठीक. गव्हाची बिअर ७-८ अंशांवर बोलायला लागते, आयपीए, म्हणजे हॉप्स नावाच्या कडू, वासाच्या फुलांचा सढळ वापर असलेली बिअर, ८ ते १२ वर आणि भाजलेल्या बार्लीची काळी स्टाउट १० ते १३ वर. अतिथंड बिअरला वास सुटत नाही, आणि दोषही लपतात, हे विकणाऱ्याला चांगलं माहीत असतं. आपल्या हवेत बिअर कोमट करायला वेगळे कष्ट नाहीत. ओतून थोडा वेळ गप्पा मारा की झालं. मग त्याच ग्लासाचा पुन्हा वास घ्या, दुसरीच कुणी तरी आल्यासारखी वाटेल. आमचे हे प्रत्येक बिअरमध्ये बर्फ टाकतात. त्यांच्याशी संसार होतो, टेस्टिंग होत नाही.

क्रम हलकीकडून जडकडे लावा, आणि रंगाला भुलू नका. काळीकुट्ट स्टाउट चार टक्के अल्कोहोलची असू शकते आणि सोन्यासारखी दिसणारी बेल्जियन ट्रिपेल आठ-नऊ टक्क्यांची. कडू आयपीए शेवटाकडे ठेवा, तिच्यामागून आलेल्या नाजूक बिअरचं काही खरं नसतं. ५०० मिलीचा कॅन चौघांत वाटला की प्रत्येकाला सव्वाशे मिली येते. चाखायला एवढी भरपूर झाली. मधे पाणी आणि साधा पाव. फरसाण उचलून आत ठेवा.

मुलाच्या स्टारबद्दल. अमेरिकेत १९८५ पासून बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम नावाची परीक्षक तयार करणारी संस्था आहे. त्यांचा कागद ५० गुणांचा असतो: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. दिसण्याला तीन, हे फोटो काढत बसणाऱ्यांना वाचून दाखवा. दुसरं म्हणजे तिथे 'मला आवडली का' एवढंच विचारत नाहीत. ती आपल्या प्रकाराला धरून आहे का, हे बघतात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे लवंग आणि केळं यायलाच हवं. तोच लवंगेचा वास लागरमध्ये आला तर गुण कापले जातात. मुलाला एकच सांगा: स्टार शेवटी दे, आधी तीन ओळी लिही.

प्रश्न : इथल्या दुकानातून एका नावाजलेल्या क्राफ्ट बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. किंमत चांगलीच लागली. चव मात्र भिजलेल्या पुठ्ठ्याची, मागाहून शिळ्या मधासारखं काहीतरी. सणसणीत परीक्षण लिहायला बसलो होतो, बायको म्हणाली आधी तुम्हाला विचारावं. – चिपळूण

वहिनींना माझे आभार सांगा. पुठ्ठा ही जगभरच्या चाखणाऱ्यांची ठरलेली खूण आहे. बाटली बंद करताना आत थोडीशी हवा राहतेच. ती आणि उष्णता मिळून बिअर शिळी करतात. त्या पुठ्ठ्याच्या वासाला मुख्यतः ट्रान्स-२-नॉनेनल नावाचं द्रव्य जबाबदार धरतात, आणि ते अब्ज भागांत एका भागाहून कमी असलं तरी नाकाला सापडतं. मधासारखा गोडसर वासही त्याच शिळेपणाचा भाऊ. पाश्चराइज केलेली बिअर नासत नाही, पण शिळी व्हायची ती होतेच. आणि हॉप्सचा ताजा वास सगळ्यात आधी जातो, म्हणून आयपीए ही जपून ठेवायची वस्तू नव्हे.

आता तुमच्या बाटलीने काय सोसलं ते बघा. टेम्पोतून घाट उतरून ती उन्हाळ्यात चिपळूणला आली. पत्र्याच्या गोदामात पडली. तिथून दुकानात, फ्रीजमध्ये जागा नाही म्हणून वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी. तुम्ही मागितल्यावर दुकानदाराने ती तासभर फ्रीजमध्ये टाकली आणि तुम्हाला थंडगार दिली. हात लावून गार लागली म्हणजे ती जन्मभर गारव्यात होती असं नाही. पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा फ्रीजमधल्यांचीही थोडीफार हीच गत.

मला या सदरात खरं म्हणजे एवढंच सांगायचं आहे. तुम्ही परीक्षण लिहिता ते एका बाटलीचं, आणि वाचणारा ते बनवणाऱ्याचं समजतो. समुद्रकाठी, उकाड्यात, कारखान्यापासून इतक्या लांब राहणाऱ्याने तरी आधी बाटलीची चौकशी करावी. पॅकिंगची तारीख लिहा. कुठून घेतली, बाहेर होती की फ्रीजमध्ये, तेही लिहा. मी तीन महिन्यांपलीकडची आयपीए असेल तर गुणच देत नाही, फक्त तारीख नोंदवते. आणि मनात शंका असेल तर तीच बिअर, ताज्या तारखेची, दुसरीकडून मागवून शेजारी ठेवा. तीन ग्लास घ्या. दोनांत जुनी, एकात ताजी, किंवा उलट. वहिनींना ओतू द्या आणि तुम्ही वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा बरोबर येणारच, तेव्हा फेऱ्या थोड्या वाढवा. फरक कळला नाही, म्हणजे ताजीलाही तोच पुठ्ठा आला, तर दोष त्या बिअरचाच आहे. मग सणसणीत लिहा.

काही दोष वाटेत लागत नाहीत, घरूनच येतात. लोण्यासारखा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वास आला तर ते डायअसिटिल. आंबवण संपताना यीस्ट ते परत खाऊन टाकतं; घाई केली की राहून जातं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वासही बहुतेक वेळा अशाच घाईचा. उकडलेल्या मक्याचा वास आला तर माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, पाणी पुरेसं उकळलेलं नसतं. बंद बाटलीत असलं काही सापडलं तर दुकानदाराला बोलू नका, त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न : माजो तारकर्लेक होमस्टे आसा. पावणे आपली बिअर घेवन येतत आणि वाळूत उनात बसतत. अर्धो ग्लास झालो काय म्हणतत, 'वास येतोय, तुमचा ग्लास नीट धुतलेला नाही.' ग्लास मी स्वता धुतंय. ह्यां काय ता सांगा. – तारकर्ली

दादा, ग्लासाचा दोष नाही, उन्हाचा आहे. हॉप्समधलं कडू द्रव्य प्रखर उजेडात फुटतं, बिअरमधल्या गंधकाशी त्याची गाठ पडते आणि एक उग्र पदार्थ तयार होतो. अमेरिकेत स्कंक नावाचा एक प्राणी शत्रूवर जो घाण फवारा मारतो, त्यातल्या द्रव्याच्या तो जवळचा नात्यातला आहे. आपल्याकडे स्कंक नाही. मला तो जळक्या रबरात लसूण मिसळल्यासारखा येतो.

पाहुण्यांना हे करून दाखवा. एकाच बाटलीतली बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओता, एक कपाटात ठेवा, एक भर दुपारी वाळूत. पंधरा मिनिटांनी दोन्ही सावलीत आणून हुंगायला द्या. आयपीएसारखी हॉप्स जास्त असलेली बिअर घेतलीत तर वाद जागच्या जागी मिटेल. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी, म्हणजे पारदर्शक, जवळपास नाहीच. कॅनला उजेडाची भीती नाही. पारदर्शक बाटलीत विकणाऱ्या काही कंपन्या मुद्दाम प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात, म्हणून त्यांची बिअर उन्हात टिकते. तुम्ही पाहुण्यांना स्टीलचे पेले द्या नाहीतर माडांच्या सावलीत बसवा.

प्रश्न : ओतल्यावर छान फेस येतो आणि बघता बघता नाहीसा होतो. बिअर जुनी आहे का? – गुहागर

इथे मात्र ग्लासच पकडायचा. फेसाचा वैरी तेल. बांगडे तळलेल्या कढईला लावलेल्या स्क्रबरनेच ग्लास घासले जातात, ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. ग्लास दिसायला लख्ख असतो, पण आत तेलाचा पापुद्रा. तपासायचं असेल तर आतून ओला करून उपडा धरा: पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर स्वच्छ, आणि थेंब थेंब होऊन चिकटलं तर तेलकट. थोडं मीठ चोळून, गरम पाण्याने भरपूर खंगाळून, जाळीवर उपडा ठेवा. पंच्याने पुसू नका, पंच्याला साबण आणि बाकी सगळं असतं. बिअरच्या ग्लासांचा स्क्रबर वेगळा ठेवा आणि घरात सगळ्यांना बजावून सांगा.

ग्लास चांगला असेल तर प्रत्येक घोटामागे फेसाची एक कडी काचेला चिकटून राहते. ओठांना तळलेल्या माशाचं तेल असेल तर तीही जाते. म्हणून आधी चाखणं आणि मग ताट, हे माझं पुराण चालूच असतं.

प्रश्न : बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, भात, सोलकढी असा बेत आहे. मित्र म्हणतो कडक आयपीए आणू. तुमचं काय मत? – सा. रा., वेंगुर्ला

मित्राला मासे आणायला पाठवा, बिअर तुम्ही आणा. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे बिअरने ते धुतलं जात नाही. उलट अल्कोहोल, गॅस आणि हॉप्सचा कडूपणा हे तिघंही तिखटाला चेव आणतात. कडक आयपीए आणि तिखलं म्हणजे पहिल्या दोन घासांत नाक-डोळे, आणि मग कशाचीच चव नाही. तिरफळ तर जीभ चक्क बधिर करतं, ओठांना मुंग्या येतात. त्यानंतर कुणी मला 'यात संत्र्याची साल जाणवते' असं म्हटलं तर मी हसेन.

तिखल्याबरोबर गव्हाची बेल्जियन पद्धतीची विट घ्या. कमी कडू, किंचित आंबट, आणि तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतातच. धणे आपल्या वाटपातही असतात, त्यामुळे ताटात ती पाहुणी वाटत नाही. ही बिअर एकदा नामशेष झाली होती. बेल्जियममधल्या हूगार्डन गावातला ती बनवणारा शेवटचा कारखाना बंद पडल्यावर, पियेर सेलिस नावाच्या तिथल्या दूधवाल्याने १९६६ साली ती पुन्हा सुरू केली. आज पुण्या-मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक मायक्रोब्रुअरीत एक तरी विट असते, त्यात त्याचा वाटा आहे.

रवा लावून तळलेल्या बोंबलांना किंवा सुरमईला पिल्सनर, म्हणजे लागरचाच एक कडसर प्रकार. तिचा गॅस आणि नेटका कडूपणा तेल कापतो. कडक आयपीए आणायचीच असेल तर इथे आणा. मीठ कडूपणा दाबतं आणि तळलेल्या माशाला मीठ बरं असतं.

सगळ्यात आवडती जोडी मात्र कालवं आणि स्टाउट. इंग्लंड-आयर्लंडात स्टाउट आणि ऑयस्टर हे जुनं नातं आहे, आणि आपली कालवं म्हणजे खाडीतली ऑयस्टरच. ओहोटीला खडकावरून काढलेली, त्याच दिवशीची कालवं घ्या. वाटपाचा भडिमार नको. कांदा, थोडं खोबरं, कोकम, हळद, आणि मिरची हात राखून. कालवांना समुद्राचा खारटपणा असतो, स्टाउटला भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा. घास गिळल्यावर दोन्ही मिळून तोंडात किंचित गोडवा राहतो, जो दोन्हींत नव्हता. त्यासाठी मी रत्नागिरीहून वेंगुर्ल्यापर्यंत यायला तयार आहे, बोलावलंत तर.

सोलकढी बिअरसोबत नको. नारळाच्या दुधाची चरबी जिभेवर बसते आणि फेसही मारते. जेवणाच्या शेवटी प्या. कोकम हवंच असेल तर गोजे नावाची जर्मन बिअर शोधा. आंबट, मीठ आणि धणे घातलेली. आपल्याकडच्या काही ब्रुअर तिच्यात कोकम घालतात. कोकम सरबतात मीठ-जिरं घालणाऱ्या माणसाला ती पहिल्या घोटात ओळखीची वाटते.

प्रश्न : हापूसची बिअर म्हणून मोठ्या हौसेने आणली. गोड अजिबात नाही! फसवलं का? वरून आमरस घालून चालेल का? – देवगड

फसवलं नाही. आंब्याची साखर यीस्टने खाऊन तिची दारू केली. उरला वास आणि थोडा आंबटपणा. गोड लागली असती तर मीच शंका घेतली असती, की साखर किंवा सिरप मागाहून घातलंय. तुम्ही बघायचं ते वेगळंच. पल्प टिकवण्यासाठी तापवला जातो आणि हापूसचा वरचा, फुलांसारखा वास त्यात उडतो. शिजलेल्या आंब्याचा जड वास मागे राहतो. देवगडच्या माणसाला हा फरक सांगायला मी कोण! पण लेबलवर 'हापूस' असून ग्लासातून मुरंब्याचा वास आला तर तसं स्पष्ट लिहा. हे लिहायचा हक्क तुमच्याएवढा पुण्यातल्या कुणाला नाही.

ग्लासात आमरस घालून प्यायला कुणाची बंदी नाही, फक्त त्याचं परीक्षण लिहू नका. बाटलीत घालून बूच लावून ठेवायचं मात्र चुकूनही करू नका. न गाळलेल्या बिअरमध्ये जिवंत यीस्ट असतं, त्याला नवी साखर मिळाली की गॅस कोंडतो आणि काच फुटते.

प्रश्न : गोव्यात स्वस्तही मिळते आणि व्हरायटीही भरपूर. येताना डझनभर आणली तर? आणि घरीच बनवली तर? – सावंतवाडी

इन्सुलीचा तपासणी नाका तुमच्या दारात आहे, आणि विचारताय मला? गोव्यात विकायची दारू परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही. घरी बनवायलाही लायसन्स लागतं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो 'हौस' हे कारण मानत नाही. विकत घेऊन प्यायलाही परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. गोव्यातली बिअर गोव्यातच बसून चाखा, वही बरोबर न्या. उलट तिथे ती जन्मगावाजवळ भेटते, त्यामुळे तिच्या ताजेपणाचा अंदाज बरा येईल. परत येताना गाडी कुणी चालवायची ते निघायच्या आधी ठरवा.

प्रश्न : मी पीत नाही. नवरा आणि त्याचे मित्र टेस्टिंगला बसतात तेव्हा मी नुसती बघत असते. माझा काही उपयोग? – अलिबाग

सगळ्यात जास्त. वास घ्यायला घोट लागत नाही, आणि तिसऱ्या ग्लासानंतर शुद्धीवरचं नाक तुमचंच असणार. फोडण्या आणि वाटणं वासावर ओळखणाऱ्या बाईला लवंग आणि वेलदोड्यातला फरक कुणी शिकवायला नको. ओतायचं काम तुम्ही घ्या, नंबर तुम्हीच टाका. एकच बिअर दोन वेगळ्या नंबरांनी देऊन बघा आणि त्या दोन ग्लासांना कोण किती वेगळे गुण देतं ते शांतपणे वहीत मांडा. वही त्यांना जेवणानंतर दाखवा.

प्रश्न : चाखून उरलेल्या बिअरचं काय करायचं? ओतून द्यायला जीव होत नाही. – मुरूड

रात्रभर उघडी राहिलेली असेल तर जीव कठीण करून ओताच. त्याच संध्याकाळी उरलेली, अजून बुडबुडे येत असलेली लागर किंवा विट बेसन आणि तांदळाच्या पिठात घालून बोंबलाची किंवा कोळंबीची भजी करा. पाण्याऐवजी बिअर, तीही गार, आणि कालवल्याबरोबर कढईत. पीठ ठेवून दिलं की गॅस निघून जातो आणि भजी बसतात. स्टाउट उरली तर मटणाच्या सुक्यात अर्धी वाटी चालते, कांदा परतल्यावर घाला. आयपीए कशातच घालू नका, आटली की कडूपणा वाढत जातो आणि अख्खी कढई फुकट जाते.